गोड पाण्याची राखण

करंजपाड्यात कुणी उगाच घाबरलं की लोक त्याला विचारायचे, ‘सेराफिना झालास काय रे?’ सेराफिनाच्या तोंडावरही विचारायचे. तिला त्याचं फारसं वाटत नसे. भित्रेपणाचा शिक्का एकदा बसला की बसला, आणि खरं सांगायचं तर शिक्का मारणाऱ्यांना तिच्याबद्दल धड काही माहीत नव्हतं. वाडीत फुरसं निघालं तर ही बाई फावड्याने तिथल्या तिथे निकाल लावायची आणि पुन्हा मुळ्याच्या वाफ्यात जाऊन बसायची. नवरा गेल्यावर एकट्या पोरीला घेऊन त्या आडबाजूच्या घरात राहिली, पण चोराचिलटाला भ्यायली नाही. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, मिठाची.

करंजपाडा म्हणजे बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला वसलेलं किरिस्तावांचं जुनं गाव. चढावर देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, खाली घरांची दाटी, आणि घरांच्या मागे भाजीच्या वाड्या. घेवडा, पडवळ, वांगी, मुळा, सफेद कांदा असा माल निघायचा आणि बायका तो पाट्यांत भरून बाजारात न्यायच्या. प्रत्येक वाडीत एक विहीर. खाडी तिथून हाकेच्या अंतरावर. भरती चढली की खारफुटीतला चिखलाचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. तिकडे खारं पाणी, इकडे गोड पाणी, आणि मधे नुसती माती आणि मुरूम.

सेराफिना मूळची अंधेरीपलीकडची, मरोळची. तिथल्या टेकडीखालच्या विहिरी कधी खाऱ्या होतील असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. लग्न होऊन ती इसिडोरच्या घरात आली, तेव्हा सासूने दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला वाडीच्या पार टोकाला नेलं. कुंपणापलीकडे एक ओसाड तुकडा होता. माडांचे नुसते बुंधे उभे, जमिनीवर पांढरा थर, आणि मधोमध एक बांधीव विहीर. विहिरीत पाणी चांगलं वरपर्यंत होतं आणि दिसायला नितळ होतं. सासूने कळशीभर काढलं आणि नव्या सुनेला सांगितलं, ‘पी बघू.’

सेराफिनाने मोठा घोट घेतला आणि तो तिथेच ओकली.

‘ही मिंगेलची वाडी,’ सासू म्हणाली. ‘गावात सगल्यांत चांगला कांदा हितं व्हायचा. मिंगेलने लय उपसला. गोडा पानी दमला, तसा खाडीचा पानी आत सरकला. आता काय बी कर, तो जायचा नाय. मिंगेलची पोरं कंदीच गेली वसईला.’ मग तिने मागे वळून आपल्या विहिरीकडे बोट केलं. ‘आता खाडीला आपलीच वाडी पयली. येल तर आपल्याकडं आधी येल. म्हणून चव आपन बघायची. गावाच्या वतीनं.’

तेव्हापासून ते काम सेराफिनाच्या मागे लागलं. सकाळी उठायचं, चहा नाही, पाव नाही, चूळसुद्धा आदल्या दिवशीच्या पाण्याने भरायची, आणि उपाशी तोंडाने विहिरीचा पहिला घोट घ्यायचा. तो गिळायचा नाही, जिभेवर फिरवायचा. शेजारच्या वाड्यांतून माणसं विचारायची, ‘काय गो, कसा हाय?’ ती सांगायची, ‘गोड हाय.’ मग एकेका वाडीतले रहाट कुरकुरायला लागत. सासू गेली, पुढे इसिडोरही तापाने गेला, पण घोट चुकला नाही. रोज सकाळी तो घोट तोंडात असताना भीती जागी व्हायची, आणि घोट गोड लागला की दुसऱ्या दिवसापर्यंत निजायची. एवढंच तिचं आयुष्य होतं म्हटलं तर तिचा अपमान होईल, कारण तिने पोरगी वाढवली, वाडी राखली, सणाला भांडीभर फुगे, आंबवलेल्या पिठाचे गोड गोळे, तळून गावात वाटले. पण त्या सगळ्याच्या तळाशी ती भीती होती.

गावाची आणखी एक रीत होती, विहिरीचा उपास. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात दर शुक्रवारी माणसं मांस खात नसत आणि विहिरींवरचे रहाट फिरत नसत. आदल्या दिवशी घरात पाणी भरून ठेवायचं, झाडांनी एक दिवस तहान काढायची. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर विहिरीला हप्त्यातला एक दिवस विसावा मिळायचा आणि शनिवारी सकाळी पाणी थोडं वर आलेलं दिसायचं. का ते कुणी विचारत नसे. प्रभूने त्या दिवशी तहान सोसली, म्हणून आपणही सोसायची, एवढं कारण लोकांना पुरत होतं.

सेराफिनाला मात्र खरं कारण सासूने सांगितलं होतं आणि ते तिच्या मनात पक्कं होतं. म्हणून गावात वीज आली आणि तिचा दीर बेनेडिक्ट याने रहाट काढून विहिरीवर मोटर बसवली, तेव्हा ती दिवसातून तीनदा विहिरीत वाकून बघायला लागली. बेनेडिक्ट माणूस वाईट नव्हता. मोठ्या आवाजाचा, हसरा, कामाला वाघ. वहिनीच्या वाडीची कामं न सांगता करून द्यायचा. पण रहाट ओढून बैल दमतो, मोटर दमत नाही, आणि बेनेडिक्टला थांबायची सवय नव्हती. त्याची वाडी तिच्या लगत, चढाच्या बाजूला. त्याने पाणी ओढलं की हिच्या विहिरीची पातळी खाली जायची, ती तिला दिसायची. पुढच्या एकदोन वर्षांत सगळ्याच वाड्यांवर मोटरी आल्या. तिच्याही वाडीत बेनेडिक्टनेच एक जुनी मोटर आणून बसवून दिली. रहाटाचं लाकूड कुजलं होतं, ती नको तरी कशी म्हणणार?

‘शुक्रवार तेवढा पाल रे बाबा,’ ती त्याला म्हणाली.

‘पालतो ना गो वैनी. मी काय हैवान हाय?’

आणि पाळायचाही. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मोटरी असून शुक्रवारी गावात चिडीचूप असायचं.

मग देवळातले नियम बदलायला लागले. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, लॅटिनमधून मराठीत आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले, आणि एका रविवारी त्यांनी सांगितलं की शुक्रवारी मांस टाळण्याचा जुना कडक नियम आता सैल झाला आहे, त्याऐवजी दुसरं एखादं सत्कृत्य केलं तरी चालेल. लोकांना आनंद झाला. मिस्सा सुटल्यावर बेनेडिक्ट देवळाच्या पायऱ्यांवरच म्हणाला, ‘मानसांना सूट भेटली, मग विहिरीनं काय पाप केलंय? तिला बी सूट.’

सगळे हसले. सेराफिनाला मात्र हसू आलं नाही. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी धीर करून ती फादरांकडे गेली आणि तिने विचारलं की विहिरीचा उपास नियमातच आहे ना, तो तर सुटला नाही ना? फादर चांगले होते, मंगळूरकडचे, गावात नवे. विहिरीचा उपास हा शब्दच त्यांनी पहिल्यांदा ऐकला. त्यांना वाटलं, ही गरीब विधवा कसल्या तरी जुन्या समजुतीने जिवाला घोर लावून घेते आहे. तिला दिलासा द्यावा म्हणून ते मायेने म्हणाले, ‘बाई, असा नियम चर्चमध्ये कधीच नव्हता. विहिरीला पाप नसतं, मग तिला प्रायश्चित्त कसलं? तुम्ही निश्चिंत राहा.’

त्यांनी विचारायला हवं होतं आणि तिने सांगायला हवं होतं. पण झग्यातल्या माणसापुढे खाडी, मुरूम, गोड पाण्याचा जोर असलं काही बोलायला तिची जीभ उचलली नाही. तिने मान डोलावली आणि घरी आली. फादरांचं वाक्य तिच्या आधी गावात पोचलं होतं. ‘विहिरीला पाप नसतं’ हे जो तो घोळवत होता. जोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं तोपर्यंत रीत निदान अर्धवट तरी उभी होती. सेराफिनाने विचारलं आणि ती आडवी झाली. पुढच्या शुक्रवारी सगळ्या वाड्यांतल्या मोटरी घरघरत होत्या, आणि सेराफिना आपल्या बंद मोटरीशेजारी बसून स्वतःला शिव्या घालत होती.

ती एकटी शुक्रवार पाळत राहिली. त्याचा उपयोग काय? पाण्याला कुंपण नसतं. तिने सोडलेलं पाणी बेनेडिक्टची मोटर ओढून घ्यायची. तिने विहिरीच्या दोराला एक चिंधी बांधली आणि पाणी कुठवर आहे ते त्यावर पाहायला लागली. चिंधी दर उन्हाळ्यात खाली सरकवावी लागली. ती बेनेडिक्टला दाखवायला गेली की तो एकच प्रश्न विचारायचा, ‘पानी खाली गेला असंल. पण चव कशी हाय?’

‘गोड हाय,’ ती म्हणायची. खोटं कसं सांगणार?

‘मग झाला तर! उगा कशाला भिते?’

आणि इतर वाड्यांतूनही हेच. रोज सकाळी ‘काय गो, कसा हाय?’ आणि तिचं ‘गोड हाय.’ तिच्या त्या दोन शब्दांवर गाव बेफिकीर झालं होतं. राखण करायला सेराफिना आहे ना, घाबरायचा मक्ता तिचा. काही वाईट होणार असेल तर आधी तिच्या तोंडाला कळेल, मग बघू.

सत्तर साल उलटलं. स्टेशनकडे इमारती उठायला लागल्या, आणि बांधकामाला पाणी हवं म्हणून टँकर करंजपाड्यात शिरले. ते बेनेडिक्टच्या विहिरीवर उभे राहायचे. पाऊस दोन वर्षं नीट झाला नाही, बहात्तरचा दुष्काळ घाटावर माणसांना देशोधडीला लावत होता, आणि मुंबईतही नळाला पाणी कमी यायला लागलं होतं. टँकर वाढले. बेनेडिक्टने आपली विहीर सुरुंग लावून आणखी खोल केली. सुरुंगाचा आवाज झाला तेव्हा सेराफिनाच्या घरातली भांडी हादरली. त्यानंतर तिने सकाळचा एक घोट पुरेना म्हणून संध्याकाळीही घ्यायला सुरुवात केली. कधी कधी भर दुपारी वाफे सोडून विहिरीकडे धावायची. घोट जिभेवर, डोळे मिटलेले. गोड. देवाची कृपा, गोड.

दरम्यान कार्मेनचं लग्न झालं होतं. सेराफिनाची ही एकुलती एक लेक विलेपार्ल्याला दिली होती. जावई झेवियर एका कारखान्यात नोकरीला, दोन खोल्यांचं घर, दारात नळ. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही सेराफिनाची इच्छा, पण पोरीची तब्येत नाजूक म्हणून डॉक्टरांनी हलवू दिलं नाही. मग बाळ लहान, मग बाळाला गोवर. माय अधूनमधून भाजीची पिशवी घेऊन पार्ल्याला जाऊन यायची, पण पोरीला माहेरी पाय ठेवून दीड वर्ष होऊन गेलं. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात ती अखेर आली. पावसाळा लागेपर्यंत राहणार होती. सेराफिनाने आढ्याला झोळी बांधली, फुग्यांचं पीठ भिजवलं, दारात तीनदा जाऊन रस्ता पाहिला.

कार्मेन घोडागाडीतून उतरली ती उन्हाने लाल झालेली. बाळ आजीच्या कडेवर दिलं आणि म्हणाली, ‘माय, आधी पाणी दे. पार्ल्याच्या नळाला चव नाय गं. आपल्या विहिरीचं दे.’

सेराफिनाने माठातला गार तांब्या भरून दिला. कार्मेनने घटाघट दोन घोट घेतले आणि तिसरा अंगणात थुंकला.

‘हे काय दिलंस? मीठ घातलंस काय यात?’

सेराफिनाला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. तिने तांब्या घेतला, घोट घेतला, जिभेवर फिरवला. गोड होतं. पुन्हा घेतला. गोड. तिने पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे थट्टा नव्हती, तोंड वाकडं झालं होतं.

‘खारट हाय, माय. मचूळ नाय, चांगलं खारट. तुला लागत नाय?’

बाळ कडेवर चुळबुळत होतं. सेराफिनाने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन उभी राहायला लागली. वर्षभर डाळ शिजत नव्हती. तिने रेशनच्या डाळीला नावं ठेवली होती. साबणाला फेस येत नव्हता. तिने दुकानदाराशी भांडण काढलं होतं. घेवड्याच्या पानांच्या कडा करपत होत्या. ती म्हणाली होती, ऊन कडक आहे. सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि प्रत्येक वेळी तिने सकाळचा घोट आठवून मनाला समजावलं होतं की पाणी तर गोड आहे. ते रोज कणभर खारावत गेलं होतं आणि ती रोज तेवढीच त्याला सरावत गेली होती. इतकी वर्षं जिची भीती धरली, ती गोष्ट तिच्याच तोंडातून आत आली होती.

तिला मिंगेलच्या विहिरीवरची ती सकाळ आठवली. नवी नवरी म्हणून तिने ओकलेलं पाणी मिंगेलच्या बायकापोरांनाही शेवटपर्यंत गोडच लागलं असेल काय?

‘चल,’ ती कार्मेनला म्हणाली.

‘कुठं? अगं, आत्ताच तर आले ना मी!’

‘काकाकडं चल.’

बेनेडिक्ट टँकरचा पाइप लावत होता. त्याचा गडी धाकू, मूळचा मालवणकडचा, मोटरीजवळ बसला होता. सेराफिनाने दिराला झालेलं सांगितलं. बेनेडिक्टने तिच्या तांब्यातलं पाणी प्यायलं, ओठ पुसले आणि हसला. ‘गोड हाय गो. पोरगी पार्ल्याची झाली तुजी. तिला नलाचा पानी लागतो आता.’

‘मग परीक्षा घे,’ सेराफिना म्हणाली. तिच्या तोंडून इतका करडा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. ‘सगल्या विहिरींचा पानी आन. तिला सांगू नको कुठला कुठचा.’

बेनेडिक्टला गंमत वाटली. त्याने धाकूला पिटाळलं. वाड्यावाड्यांतून पाणी आलं, एक तांब्या चढावरच्या देवळाच्या विहिरीतलाही आणला. सारखे तांबे, तळाची खूण फक्त धाकूला ठाऊक, ओटीवर कसेही मांडलेले. तोवर शेजारचे लोक जमले होते. भित्र्या बाईच्या लेकीचा तमाशा फुकट पाहायला मिळत होता. कार्मेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मायचा चेहरा पाहून ती मुकाट्याने ओटीवर बसली.

तिने एकेका तांब्यातला घोट घेतला, थुंकला, आणि तांबे उचलून ओळीने ठेवायला लागली. ‘हे सगळ्यात वाईट,’ म्हणत तिने एक टोकाला ठेवला. मग दुसरा, तिसरा. मधेच एकदा थांबून तिने दोन तांबे परत चाखले आणि त्यांची अदलाबदल केली. शेवटी एक तांब्या हातात घेऊन तो पूर्ण प्यायली. ‘हे पाणी! हे गोड.’

तो देवळाचा होता. आणि टोकाला ठेवलेला पहिला सेराफिनाचा होता. मधली ओळ धाकूने पाहिली आणि तो उठून उभा राहिला. खाडीकडून चढाकडे वाड्या ज्या क्रमाने होत्या, त्याच क्रमाने तांबे लागले होते. सेराफिनाच्या तांब्याला लागून बेनेडिक्टचा होता.

‘माझा?’ बेनेडिक्टने विचारलं. ‘माझा बी?’

‘खारट आहे, काका,’ कार्मेन म्हणाली. ‘मायच्या पाण्याहून थोडं कमी.’

बेनेडिक्टने आपला तांब्या तोंडाला लावला. लावला, खाली ठेवला, पुन्हा लावला. जमलेल्या लोकांतलं हसणं थांबलं. ज्याने त्याने आपापल्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाला ते गोडच लागत होतं. माणसाला आपल्याच तोंडाचं भय वाटावं, असं ते दृश्य होतं. कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं.

तेव्हा धाकू हळूच म्हणाला, ‘मी शिमग्याक गावाक जातंय ना, परत इलंय की हयचा पाणी माका दरवर्षी खारट लागता. पण आठ दिस ऱ्हवलंय की मगे लागना नाय. म्हटलंय, माझ्याच तोंडाक काय तरी झाला असात.’

‘आरे, मग बोलायचं नाय काय?’ बेनेडिक्ट ओरडला.

‘बोललंय मां! तूच म्हणालंस, धाकू, तुका गावची ओढ लागली हा.’

बेनेडिक्ट वळला आणि त्याने मोटर बंद केली. टँकरवाला भांडायला आला, त्याला त्याने हातानेच जायला सांगितलं. त्याचा मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ‘वैनी,’ तो म्हणाला, ‘मिंगेलसारखा होनार काय आपला?’

‘मना ठाऊक नाय,’ सेराफिना म्हणाली.

संध्याकाळी देवळासमोर गाव बसलं. फादरही आले. त्यांना सेराफिनाने या खेपेला सगळं सांगितलं. खाडी, मुरूम, विहिरीचा उपास कशासाठी होता ते, काही राखून ठेवलं नाही. फादर म्हणाले की येत्या रविवारी ते स्वतः वेदीवरून हे सांगतील. ठरलं ते असं: टँकर बंद. विहिरीचा उपास पुन्हा सुरू, आणि तो नुसता उपासकाळात नाही, पाऊस थांबला की पुढचा पाऊस लागेपर्यंत दर शुक्रवारी. सेराफिनाच्या आणि बेनेडिक्टच्या विहिरीवरची मोटर दोन पावसाळे चालवायचीच नाही, त्यांनी देवळाच्या विहिरीचं पाणी न्यायचं. बेनेडिक्टची हिरवीगार वाडी त्याच्या डोळ्यांदेखत सुकणार होती. त्याने मान खाली घालून हो म्हटलं.

‘पण गोडा झाला का खारा झाला, ह्ये कलनार कसा?’ कुणीतरी विचारलं. ‘आपल्याला तर सगला गोडच लागतो.’

फादर म्हणाले, बाटली शहरात तपासायला पाठवता येईल, पण उत्तर यायला महिना जातो, आणि दर महिन्याला कोण नेणार? मग सगळ्यांच्या नजरा कार्मेनवर गेल्या. गावची लेक, विहिरी ओळखणारी, आणि पाणी पिणारी पार्ल्याचं. कार्मेनला त्या नजरांचा अभिमानच वाटला. ‘मी आहे ना,’ ती म्हणाली. ‘पाऊस लागेपर्यंत मी इथंच आहे. रोज बघीन चव.’

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. सेराफिनाने टाकला नाही. तिच्या कानात धाकूचा शब्द घुमत होता, आठ दिस ऱ्हवलंय की लागना नाय. तिने लेकीकडे पाहिलं. कार्मेन बाळाला मांडीवर घेऊन हसत होती, बालपणीच्या मैत्रिणीशी बोलत होती, बोलता बोलता कुणीतरी दिलेला चहा पीत होती. चहा इथल्याच पाण्याचा.

सकाळी कार्मेन उठली तेव्हा तिची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. वर फुग्यांचा डबा. झोळी सोडून घडी घातलेली.

‘हे काय, माय?’

‘घोडागाडीवाल्याला सांगितलंय. येल आता.’

‘मी कालच आले ना! पावसापर्यंत राहणार म्हटलं होतं मी. दीड वर्षानं आलेय गं.’

‘ठाऊक हाय मना,’ सेराफिना म्हणाली. तिने रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते तिला जमत नव्हतं. ‘हप्ताभर हितं राहिलीस तर तुला बी गोड लागंल. देवलाचा पानी पिलीस तरी तो रोज कनभर बिघडला तर तुला कलायचा नाय. मग गावाला कोन सांगंल? महिन्याच्या पयल्या शुक्रवारी येत जा. सगल्या विहिरींची चव बघ, थुंक, आनि संध्याकालच्या आत परत जा.’

‘आणि तुझ्याकडं जेवायचं पण नाय?’

‘नाय.’

‘चहा?’

सेराफिनाने नुसती मान हलवली. माहेरी आलेल्या लेकीला पाणी विचारायचं नाही, असा नियम ती स्वतःच्या तोंडाने घालत होती. कार्मेन आधी चिडली, मग समजली, मग मायच्या गळ्यात पडून रडली. किती वर्षं असं, हे तिने विचारलं नाही. पाणी मागे हटेल की नाही, हटलं तर कधी, हे त्या खाडीलाच माहीत होतं.

घोडागाडी आली. बेनेडिक्ट कुंपणाशी उभा होता, तो पुढे आला नाही. बाळ उन्हाने किरकिरायला लागलं आणि तोंड उघडून आजीकडे हात करायला लागलं. पार्ल्याहून आणलेली पाण्याची बाटली कालच संपली होती. सेराफिना सवयीने आत गेली, माठात तांब्या बुडवला, तो घेऊन गाडीपर्यंत आली आणि बाळाच्या ओठांपर्यंत नेला. मग तिला आठवलं, या जिभेलाही हे पाणी सवयीचं होऊ द्यायचं नाही.

‘घरी गेल्यावर पाज त्याला,’ ती म्हणाली आणि तांब्या मागे घेतला.

गाडी वळली. बाळाचं रडणं देवळाच्या चढापर्यंत ऐकू येत होतं.